एजंटने नेमके किती वाचले?

कार्यालयातील निर्णय एकेकाळी फायलीतील टिपणीच्या रूपाने उतरत. टिपणीखाली सही असे, तारीख असे आणि शोधणाऱ्याला ती फाईल कपाटात मिळे. पुढे ही जागा ई-मेलने घेतली. गेल्या दशकभरात, विशेषतः संगणक प्रणाली घडविणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कंपन्यांमध्ये, ती 'चॅट चॅनल'कडे गेली आहे. कोणता बदल कधी करायचा, कोणाचे काम कशामुळे अडले आहे, ग्राहकाला काय कळवायचे, हे सारे आता चॅनलमधील दोन-दोन ओळींच्या संदेशांत ठरते. तेथे टिपणी नसते आणि सहीही नसते. असतो तो संदेशांचा अखंड ओघ.

हा ओघ वाचण्याचे काम अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या 'एजंट'कडे सोपवले जाऊ लागले आहे. रजेवरून परतलेला व्यवस्थापक एजंटला विचारतो, 'गेल्या आठवड्यात या चॅनलमध्ये काय ठरले?' थोड्याच वेळात सुबक आणि मुद्देसूद सारांश त्याच्यासमोर येतो. त्या सारांशाच्या आधारे पुढची कामे वाटली जातात आणि प्रसंगी एखाद्याला जाबही विचारला जातो. अशा वेळी सारांश लिहिण्यापूर्वी एजंटने नेमके किती वाचले होते, हा प्रश्न कळीचा ठरतो. त्याचे उत्तर मॉडेलच्या हुशारीत नव्हे, तर त्याला संदेश आणून देणाऱ्या एका छोट्या साधनाच्या कार्यपद्धतीत सापडते. ही कार्यपद्धती फारशी गहन नाही. परंतु ती ठाऊक नसेल तर अपुरे वाचन पूर्ण वाचन म्हणून खपून जाते.

संभाषण साठू लागले

चॅनल ही कल्पना तशी जुनी आहे. फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये 'इंटरनेट रिले चॅट' अर्थात 'आयआरसी' ही प्रणाली तयार केली. आज चॅनलच्या नावाआधी जे '#' चिन्ह दिसते, ती रूढी आयआरसीचीच. मात्र मूळ आयआरसीचा सर्व्हर संदेश साठवून ठेवत नसे. त्या क्षणी जो चॅनलमध्ये हजर असेल, त्याला संदेश मिळे. उशिरा आलेल्याला आधीचे काहीच कळत नसे. ज्याने आपल्या संगणकावर नोंद ठेवली असेल, इतिहास केवळ त्याच्यापाशीच असे.

२०१४ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'स्लॅक'ने हे चित्र पालटले. स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कंपनी मुळात 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन खेळ चालवीत होती. तो खेळ २०१२ मध्ये बंद झाला. परंतु खेळ घडविताना आपसांतील संवादासाठी वापरलेले साधन टिकले आणि त्यातून स्लॅक जन्माला आले. 'सर्व संभाषणाची आणि ज्ञानाची शोधता येणारी नोंदवही' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन हे नाव बनले आहे. नावातच सांगितल्याप्रमाणे येथे संभाषण साठते आणि ते मागाहून शोधता येते. २०१५ मध्ये आलेल्या 'डिस्कॉर्ड'नेही हाच मार्ग धरला. २०२१ मध्ये 'सेल्सफोर्स' या कंपनीने स्लॅक विकत घेतले, तोवर असंख्य कार्यालयांची दैनंदिनी या नोंदवहीत लिहिली जाऊ लागली होती.

मराठी वाचकाच्या रोजच्या परिचयाचा व्हॉट्सअॅपचा गट याहून वेगळा आहे. तेथील संदेश २०१६ पासून पाठवणाऱ्याच्या फोनवरून सांकेतिक रूपात निघतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडतात. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हरकडे वाचता येईल असा इतिहासच नसतो. टेलिग्रामवरील बॉटला नवे संदेश मिळू शकतात. परंतु ते न उचलल्यास २४ तासांहून अधिक काळ राखून ठेवले जात नाहीत आणि गटातील जुने संदेश मागण्याची सोय बॉटला नाही. स्लॅक व डिस्कॉर्ड यांनी मात्र 'या चॅनलमधील मागचे संदेश द्या' अशी रीतसर मागणी करण्यासाठी दार ठेवले आहे. एजंट याच दाराने आत येतो.

मागणी कशी जाते

भाषेचे मॉडेल स्वतः कोणत्याही चॅनलमध्ये डोकावू शकत नाही. त्याच्यासमोर जो मजकूर ठेवला जाईल तेवढाच त्याला दिसतो. म्हणून त्याला काही 'टूल्स' म्हणजे साधने दिली जातात. प्रत्येक साधनाचे नाव, ते काय करते याचे दोन-तीन ओळींचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याची यादी मॉडेलला आधीच वाचायला मिळते. प्रश्न आल्यावर मॉडेल ठरवते की, येथे अमुक साधन उपयोगी पडेल. मग ते ठरावीक साच्यात एक मागणी लिहिते. प्रत्यक्ष काम करणारी आज्ञावली वेगळी असते. ती मागणी वाचते, स्लॅकच्या सर्व्हरकडे जाते, संदेश आणते आणि मॉडेलसमोर मजकूर म्हणून ठेवते. मॉडेल तो वाचून उत्तर तरी देते किंवा आणखी एक मागणी तरी लिहिते. हे चक्र फिरवणाऱ्या संपूर्ण व्यवस्थेला एजंट म्हणतात.

पूर्वी प्रत्येक मॉडेलसाठी आणि प्रत्येक सेवेसाठी हे जोडकाम स्वतंत्रपणे करावे लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' अर्थात 'एमसीपी' हा खुला संकेत जाहीर केला. साधनाचे वर्णन कसे करावे, मागणी कशी पाठवावी आणि उत्तर कसे परत करावे, याचे सामाईक नियम त्यात आहेत. या संकेतासोबत नमुन्यादाखल जे सर्व्हर प्रसिद्ध झाले, त्यांत स्लॅकसाठीचाही एक होता. चॅनलची यादी देणारे, संदेश पाठवणारे, चॅनलचा इतिहास आणणारे, एखाद्या संदेशाखालील उत्तरे आणणारे आणि सदस्यांची नावे देणारे अशी वेगवेगळी साधने त्यात होती. २०२५ मध्ये ओपनएआयसह इतर कंपन्यांनीही एमसीपी स्वीकारला आणि त्याच वर्षाअखेर त्याची व्यवस्था 'लिनक्स फाउंडेशन'च्या छत्राखालील संस्थेकडे सोपवण्यात आली.

इतिहास आणणाऱ्या साधनाला मोजक्याच गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली चॅनलची ओळख. माणसाला चॅनल नावाने ठाऊक असते. सर्व्हरला मात्र अक्षरे व अंक मिळून बनलेला त्याचा क्रमांक लागतो. म्हणून एजंटला बहुधा आधी यादी मागवून नावावरून क्रमांक शोधावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे किती संदेश हवेत. तिसरी, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचे हवेत. या तीन बाबींतच बहुतेक घोटाळ्यांची मुळे आहेत.

पान संपले, संभाषण नव्हे

संदेश किती हवेत हे सांगितलेच नाही, तर साधन आपल्या मनाने एक आकडा धरते. एमसीपीच्या त्या नमुना सर्व्हरमध्ये हा आकडा १० होता. स्लॅकची मूळ सेवा अशा वेळी १०० संदेश देते आणि एका मागणीत जास्तीत जास्त ९९९ मागता येतात. शिवाय संदेश ताज्याकडून जुन्याकडे अशा क्रमाने येतात. म्हणजे आठवड्याभरात ६०० संदेश पडलेल्या चॅनलमधून केवळ दहा संदेश आणले गेले, तर एजंटच्या हाती कदाचित शुक्रवारची अखेरची पंधरा मिनिटेच लागतात. सोमवारी काय ठरले, याचा त्याला मागमूसही नसतो.

सर्व्हर हे लपवून ठेवत नाही. उत्तरासोबत 'आणखी संदेश आहेत' अशी खूण आणि पुढचे पान मागण्यासाठी 'कर्सर' नावाची एक किल्ली येते. ती किल्ली वापरून पुन्हा मागणी करायची, पुढचे पान आणायचे आणि खूण नाहीशी होईपर्यंत हे करीत राहायचे, अशी ही रीत आहे. ग्रंथालयातील जाड खतावणी एका वेळी काही पानेच देणाऱ्या कारकुनासारखे हे आहे. पुढची पाने मागणाऱ्यालाच मिळतात. पण साधन लिहिणाऱ्याने ती खूण मॉडेलपर्यंत पोहोचूच दिली नाही, तर पुढे पाने होती हेच एजंटला कळत नाही. मिळालेले पान म्हणजेच संपूर्ण आठवडा असे समजून तो नीटनेटका सारांश लिहून मोकळा होतो.

पाने मागत राहण्यालाही मर्यादा आहेत. थोड्या वेळात फार मागण्या केल्यास सर्व्हर नकार देतो आणि किती सेकंदांनी पुन्हा यावे हे सांगतो. मे २०२५ मध्ये स्लॅकने हा नियम अधिक कडक केला. स्लॅकच्या 'मार्केटप्लेस'ची मान्यता न घेता व्यावसायिकरीत्या वाटल्या जाणाऱ्या नव्या अॅपना इतिहासासाठी मिनिटाला एकच मागणी आणि त्या मागणीत अधिकाधिक १५ संदेश, अशी मर्यादा आली. वर सांगितलेले ६०० संदेश या गतीने आणायचे तर ४० मागण्या, म्हणजे सुमारे ४० मिनिटे लागतील. कंपनीने स्वतःच्या वापरासाठी बनवलेल्या अॅपना ही अट नाही. तेव्हा एकाच चॅनलविषयी दोन एजंटांची उत्तरे वेगळी आली, तर कोणत्या एजंटला किती वाचता आले, हे आधी तपासायला हवे. विनाशुल्क योजनेवर चालणाऱ्या समूहांत तर ९० दिवसांपूर्वीचे संदेश मुळात दिसतच नाहीत.

संदेशाच्या पोटातील उत्तरे

सर्वांत फसवी बाब आहे ती 'थ्रेड'ची. चॅनलमधील एखाद्या संदेशाखाली स्वतंत्र उत्तरमालिका सुरू करता येते. मुख्य चॅनलमध्ये गर्दी होऊ नये म्हणून बहुतेक चमू खरी चर्चा तेथेच करतात. इतिहास आणणारे साधन मात्र मुख्य चॅनलमधील संदेशच देते. एखाद्या संदेशाखाली किती उत्तरे आहेत याचा आकडा त्यासोबत येतो, उत्तरे येत नाहीत. ती दुसऱ्या साधनाने, प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी मागणी करून आणावी लागतात.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पुण्यातील एका कंपनीचा चमू विमा व्यवसायाची संगणक प्रणाली सांभाळतो. गुरुवारी दुपारी चमूतील एक ज्येष्ठ अभियंता चॅनलमध्ये लिहितो, 'शनिवारी रात्री डेटाबेसमधला बदल करून टाकू. कोणाची हरकत नसावी.' मुख्य चॅनलमध्ये त्यानंतर कोणी काही लिहीत नाही. त्या संदेशाखालील थ्रेडमध्ये मात्र चमूत नव्यानेच आलेली अभियंता लिहिते, 'सर, बॅकअप रिस्टोर करून पाहिलेला नाही. तो पाहीपर्यंत थांबावे असे वाटते.' त्यावर दोन-चार उत्तरे येतात आणि विषय तसाच राहतो. शनिवारी रात्री ती ड्युटीवर असते. बदल होतो, प्रणाली बंद पडते आणि बॅकअप उतरवता येत नाही.

सोमवारी व्यवस्थापक एजंटला विचारतो, 'या बदलाला कोणी हरकत घेतली होती का?' एजंटने केवळ मुख्य चॅनलचा इतिहास आणलेला असेल, तर त्याचे उत्तर येईल, 'बदलाचा प्रस्ताव गुरुवारी मांडण्यात आला. कोणीही हरकत नोंदवली नाही.' या वाक्यातील प्रत्येक शब्द एजंटने वाचलेल्या मजकुराशी जुळतो. तरीही ते वाक्य असत्य आहे. ज्या मुलीने वेळीच सावध केले, तिलाच 'धोका लक्षात आला नाही का?' असे विचारले जाण्याची वेळ या वाक्यामुळे येऊ शकते. थ्रेडखाली पाच उत्तरे आहेत हा आकडा एजंटसमोर होता. तो पाहून दुसरे साधन वापरणे, किंवा किमान 'ही उत्तरे वाचलेली नाहीत' असे सांगणे, हे त्याचे काम होते.

थ्रेडची आणखी एक गाठ आहे. 'गेल्या आठवड्यातील संदेश' अशी मर्यादा घातल्यावर मुख्य संदेशाची वेळ पाहिली जाते, त्याखालील उत्तरांची नाही. तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या थ्रेडमध्ये कालच अंतिम निर्णय झाला असेल, तर तो या मागणीत येणारच नाही. ज्या विषयांची चर्चा दीर्घकाळ चालते, म्हणजे बहुधा जे विषय अधिक महत्त्वाचे असतात, तेच अशा प्रकारे सारांशातून निसटतात.

वेळ कोणत्या घड्याळाची?

स्लॅकवरील प्रत्येक संदेशाला वेळेचा शिक्का असतो आणि चॅनलमध्ये तोच त्या संदेशाची ओळख ठरतो. १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांचा तो आकडा असतो आणि पुढे दशांशचिन्हानंतर सहा अंक असतात. हे सेकंद जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजलेले असतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. उदाहरणार्थ, भारतात १ जानेवारी २०२५ हा दिवस सुरू झाला तेव्हा हा आकडा १७३५६६९८०० होता. जागतिक वेळेनुसार तो दिवस सुरू होताना आकडा १७३५६८९६०० झाला होता. या दोहोंतील १९८०० सेकंदांचा फरक म्हणजेच ते साडेपाच तास.

'आजचे संदेश आण' असे सांगितल्यावर एजंटने जागतिक वेळेची मध्यरात्र धरली, तर भारतातील रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतील संदेश गळतात. दिवसा काम करणाऱ्याला याने फरक पडणार नाही. परंतु परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणाऱ्या पुण्या-मुंबईतील चमूंचे मुख्य काम याच वेळेत चालते. वरच्या उदाहरणासारखी प्रणाली रात्री एकला बंद पडली, तर 'आज'च्या सारांशात ती बंद पडल्याचीच नोंद नसेल.

शब्द आले, अर्थ राहिला

पूर्ण पाने आणि सर्व थ्रेड मिळाले, तरी जे हाती येते ते पडद्यावर दिसणारे संभाषण नसते. लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा सांकेतिक क्रमांक येतो. तो नावाशी जुळवण्यासाठी आणखी एक साधन वापरावे लागते. ते न वापरता मजकुरावरून नावाचा अंदाज बांधणारा एजंट एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालू शकतो. संदेश मागाहून बदलला असेल, तर 'बदलला' अशी खूण मिळते, मूळ शब्द मिळत नाहीत. पुसलेला संदेश तर येतच नाही. पडद्याचे छायाचित्र किंवा जोडलेली फाईल असेल, तर तिचे नाव आणि दुवा येतो. तिच्यात काय आहे, हे ती स्वतंत्रपणे उघडल्याशिवाय समजत नाही.

होकार दर्शवण्यासाठी अनेक जण शब्द न लिहिता संदेशाला अंगठ्याची खूण जोडतात. ती खूण संदेशासोबत येते. परंतु खूण करणाऱ्यांची यादी नेहमी पूर्ण असेलच असे नाही. एकूण आकडा तेवढा खात्रीचा असतो. शिवाय अंगठा म्हणजे 'मान्य' की नुसते 'वाचले', हे त्या-त्या चमूच्या सवयीवर अवलंबून असते.

भाषेचाही प्रश्न आहेच. मराठी माणसांच्या कार्यालयीन गप्पांत इंग्रजी, रोमन लिपीतील मराठी आणि देवनागरी यांची सरमिसळ असते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह 'यूटीएफ-८' या रूढ पद्धतीत तीन बाइट व्यापते, तर साधे इंग्रजी अक्षर एकच. मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून वाचते, त्यांची संख्याही मराठीसाठी सहसा अधिक भरते. एका वेळी मॉडेलसमोर मावणाऱ्या मजकुराला मर्यादा असल्याने देवनागरी संभाषण तुलनेने लवकर ती गाठते. याहून नाजूक बाब शब्दांच्या छटांची. 'बघतो' हे उत्तर होकार असू शकते, टाळणेही असू शकते. 'करू या' यात करणारा कोण, हे ठरलेले नसते. सहकारी माणसांना ओळखत असतात, म्हणून त्यांना अर्थ लागतो. एजंट मात्र त्यावरून 'अमुक यांनी हे काम स्वीकारले' असे लिहून जाऊ शकतो. अशा जागी मूळ शब्द तसेच उद्धृत करणे हाच सुरक्षित मार्ग.

कोणाच्या परवानगीने?

वाचता येते म्हणून वाचावे का, हा निराळा प्रश्न आहे. स्लॅकमध्ये इतिहास वाचण्यासाठी चार स्वतंत्र परवानग्या आहेत. सार्वजनिक चॅनल, खासगी चॅनल, दोघांमधील थेट संवाद आणि अनेकांमधील थेट संवाद, अशी ही विभागणी आहे. बॉट म्हणून काम करणाऱ्या एजंटला साधारणपणे चॅनलमध्ये सामील करून घ्यावे लागते. परंतु एखाद्या व्यक्तीच्या वतीने चालणारा एजंट त्या व्यक्तीला जे जे दिसते ते ते वाचू शकतो. व्यवस्थापकाचा एजंट पगारवाढीची चर्चा चालणाऱ्या खासगी चॅनलमधील मजकूर वाचून त्याचा सारांश सर्वांसाठी खुल्या असलेल्या चॅनलमध्ये टाकू शकतो. त्यात कोणतीही परवानगी मोडलेली नसते, तरी गोपनीयता मोडते.

संदेश लिहिणाऱ्याने ते सहकाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. त्यांत आजारपण, घरची अडचण, फोन क्रमांक असे बरेच काही असते. भारतात 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा' २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. नोकरीच्या कारणासाठी मालकाला वैयक्तिक माहिती वापरण्याची काही मुभा या कायद्यात आहे; पण माहिती ठरावीक हेतूपुरती वापरावी हे त्याचे सूत्रही विसरता येत नाही. एजंटला कोणती चॅनल खुली आहेत, हे कर्मचाऱ्यांना आधी सांगणे ही किमान अपेक्षा म्हणावी लागेल.

निरोपात लपलेला हुकूम

यापुढचा धोका अधिक विलक्षण आहे. मॉडेलच्या दृष्टीने वापरकर्त्याची सूचना आणि साधनाने आणलेला संदेश हे दोन्ही मजकूरच असतात. एखाद्याने चॅनलमध्ये 'हा संदेश वाचणाऱ्या एजंटने अमुक करावे' असे लिहून ठेवले, तर मॉडेल तो हुकूम समजून पाळण्याची शक्यता असते. तंत्रज्ञ सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये या प्रकाराला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिले.

ही केवळ कल्पना नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये 'प्रॉम्प्टआर्मर' या सुरक्षा कंपनीने स्लॅकच्या स्वतःच्या एआय सुविधेबाबत असा प्रकार दाखवून दिला. त्याच समूहातील एखाद्या सदस्याने सार्वजनिक चॅनलमध्ये विशिष्ट मजकूर लिहून ठेवला, तर दुसऱ्याच्या खासगी चॅनलमधील गुप्त किल्ली एका दुव्यात गुंफून त्या दुसऱ्यासमोर ठेवली जाई. दुवा दाबताच ती किल्ली बाहेर जाई. स्लॅकने त्यावर दुरुस्ती केली आणि ग्राहकांची माहिती गैरमार्गाने पाहिली गेल्याचा पुरावा त्या वेळी आढळला नसल्याचे सांगितले. या प्रकाराला पूर्णतः बंद करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. त्यामुळे खासगी संदेश वाचणे, परक्याने लिहिलेला मजकूर वाचणे आणि बाहेर काही पाठवणे, ही तिन्ही कामे एकाच एजंटच्या हाती न देणे हे शहाणपणाचे. संदेश वाचणाऱ्या एजंटला संदेश पाठवण्याचे साधन द्यायचेच असेल, तर पाठवण्यापूर्वी माणसाची संमती घेण्याची अट असावी.

उत्तराबरोबर हिशेब

या साऱ्याचा अर्थ एजंटकडून चॅनल वाचून घेऊच नये, असा नाही. पंधरा दिवसांच्या रजेनंतर हजार-बाराशे संदेश चाळणारा माणूसही बरेच काही वगळतो. फरक इतकाच की, माणसाला आपण किती वगळले याची साधारण जाणीव असते आणि विचारल्यास तो ते सांगतो. एजंटकडूनही हीच अपेक्षा ठेवता येते आणि ती पुरी करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

साधन लिहिणाऱ्याने 'आणखी संदेश आहेत' ही खूण मॉडेलपासून लपवू नये. थ्रेडमधील उत्तरांचा आकडा आणि संदेश बदलल्याची खूण गाळू नये. वेळ कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहे, हे स्पष्ट लिहावे. मागणी अपयशी ठरली तर रिकामी यादी परत न करता अपयश कळवावे, कारण 'संदेश नाहीत' आणि 'संदेश आणता आले नाहीत' यांत महदंतर आहे. एजंट चालवणाऱ्याने त्याला ठरवून द्यावे की, प्रत्येक सारांशाच्या शेवटी कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचे किती संदेश वाचले, किती थ्रेड उघडले आणि काय राहिले, याचा हिशेब दोन ओळींत द्यावा. महत्त्वाच्या प्रत्येक विधानापुढे मूळ संदेशाचा दुवाही असावा. असा दुवा मिळवण्याची सोय स्लॅकमध्ये आहे.

आणि सारांश वाचणाऱ्याने 'कोणीही', 'कधीच', 'काहीही नाही' अशा शब्दांपाशी थबकावे. अमुक गोष्ट घडली हे एका संदेशावरून सिद्ध होते. अमुक गोष्ट घडलीच नाही हे म्हणण्यासाठी मात्र सारे वाचलेले असावे लागते. एखाद्या सहकाऱ्याला जाब विचारण्यापूर्वी तो थ्रेड स्वतः उघडून पाहण्यास एक मिनिट पुरते. फायलीतील टिपणीच्या काळातही निर्णय देणारा अधिकारी मूळ कागद मागवून घेत असे. कागदाची जागा चॅनलने घेतली आणि कारकुनाची एजंटने. मूळ पाहण्याची जबाबदारी मात्र सही करणाऱ्याकडेच राहिली आहे.